चीनची 'भिंत' की चीनचा 'तट'?

प्रश्न असा आहे : मराठीत 'चीनची भिंत' रूढ आहे, पण लष्करी बांधकामाला आपण भिंत म्हणत नाही, तट म्हणतो. मग भाषांतरात काय लिहावे, आणि 'महान भिंत' चालेल का?

नाव म्हणून 'चीनची भिंत'च ठेवावे. ते शाळेच्या पुस्तकापासून रुळले आहे, बदलून काही साधत नाही. 'महान' मात्र काढून टाका. मराठीत महान माणसे असतात, कार्य असते. बांधकाम प्रचंड किंवा अजस्र असते. शिवाय चिनी नावात थोरवीचा उल्लेखच नाही. 'छांगछंग' यातल्या छांगचा अर्थ लांब, आणि 'छंग' म्हणजे शहराभोवतालचा तट, तसेच ते तटाआतले शहरही. मराठीत ही दुहेरी छटा 'कोट' या शब्दात आहे : मुंबईचा कोट म्हणजे तटही आणि आतली वस्तीही. पण 'लांब कोट' लिहिले तर वाचक शिंप्याकडे जाईल.

पूर्ण नाव 'वानली छांगछंग', म्हणजे दहा हजार ली लांबीचा तट. आजच्या मापाने एक ली म्हणजे 500 मीटर, त्यामुळे हिशेब 5,000 किलोमीटरचा होतो. तो करू नये. इथले 'दहा हजार' आपल्या 'सहस्र'सारखे आहे. सहस्ररश्मी सूर्याचे किरण कोणी मोजत नाही. प्रत्यक्षात 2009 साली जाहीर झालेल्या मोजणीत एकट्या मिंग काळातली (1368–1644) रेषा सुमारे 8,850 किलोमीटर भरली. त्यात बांधलेला तट सुमारे 6,260, खंदक सुमारे 360, आणि बाकीचे डोंगर-नद्यांचे नैसर्गिक अडथळे. 2012 मध्ये सगळ्या राजवटींचे अवशेष मिळून 21,196 किलोमीटर हा आकडा आला. दोन्ही आकडे खरे आहेत, पण कुठला कशाचा हे न लिहिता एकमेकांच्या जागी वापरले की घोटाळा होतो. पहिल्या छिन सम्राटाच्या काळचा (इ.स.पू. तिसरे शतक) तट बहुतांशी वेगळ्याच, उत्तरेकडच्या रेषेवर होता. म्हणून 'दोन हजार वर्षांपूर्वीची भिंत' या ओळीखाली बीजिंगजवळच्या बादालिंगचे छायाचित्र देऊ नये. ते बांधकाम मिंग काळचे आहे. खुद्द मिंग दप्तरात त्याला बहुधा 'ब्येनछ्यांग' म्हटले आहे. याला 'सरहद्दीची भिंत' हे भाषांतर अगदी चपखल बसते.

वर्णनात मात्र दुर्गांची परिभाषा बिनधास्त वापरावी. वरची चालायची वाट ती फांजी. बाहेरच्या अंगाला चर्या (तटाच्या माथ्यावरचे दाते) आणि जंग्या (मारा करायची भोके), आतल्या अंगाला बुटका कठडा. पावसाचे पाणी काढून देणारी दगडी पन्हळे बहुतेक आतल्या बाजूला काढलेली असतात, म्हणजे बाहेरचे तोंड धुपत नाही आणि शत्रूला धरायला आधार मिळत नाही. ही पन्हळे तुंबली की पाणी पोटातल्या मातीच्या भरावात मुरते, भराव फुगतो आणि विटांचे आवरण पोट काढून ढासळते. बीजिंगच्या बाजूला दगड-विटा आहेत, सांधे चुन्याचे, आणि त्या चुन्यात काही ठिकाणी चिकट तांदळाची पेज मिसळलेली. पश्चिमेला गान्सू प्रांतात बहुतेक काम फळ्यांच्या साच्यात माती भरून धुमसाने चोपलेले. दुन्हुआंगजवळच्या हान काळच्या (इ.स.पू. 206–इ.स. 220) भागात तर बोरू आणि झाऊच्या फांद्यांचा एक थर, खडी-वाळूचा एक थर, अशी रचना उघडी दिसते. त्यामुळे सरसकट 'चिरेबंदी' लिहू नये.

'बुरूज' शब्द जपून वापरावा. आपला बुरूज बहुधा गोल आणि भरीव. मिंग सेनापती छी जिग्वांगने सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारले ते चौकोनी, आतून पोकळ, शिपाई आणि दारूगोळा मावेल असे. त्यांना 'पोकळ बुरूज' किंवा 'चौकी-बुरूज' म्हणावे. इशारतीचे बुरूज निराळे. ते तटाला जोडून असतीलच असे नाही. तिथे दिवसा धूर, रात्री जाळ; मिंग काळात जोडीला तोफेचे बार. शंभरापर्यंत शत्रू असेल तर एक धूर आणि एक बार, पाचशेपर्यंत दोन-दोन, हजारावर तीन, पाच हजारांवर चार, दहा हजारांवर पाच.

सर्वांत जास्त फसगत होते ती 'गुआन' या शब्दाशी. इंग्रजीतून येणारे भाषांतरकार त्याला 'खिंड' करतात. जुयोंगगुआन खरोखरच डोंगराच्या घळीत आहे, तिथे ते खपते. पण 'गुआन' म्हणजे अडवून तपासणी करण्याचे, दरवाजे असलेले ठाणे, मराठीत 'नाका'. शानहायगुआन या नावाचा अर्थच 'डोंगर-समुद्र नाका' : एकीकडे डोंगर, दुसरीकडे समुद्र, मधली पट्टी तटाने बंद केलेली. 1644 मध्ये मिंग सेनापती वू सानग्वेईने उत्तरेकडच्या मांचू फौजेला आत घेतले ते याच नाक्यातून. तिथे 'खिंड' लिहिले की वाचक डोंगरातली वाट डोळ्यांपुढे आणतो, आणि दरवाजा उघडला म्हणजे नेमके काय झाले हे त्याला कळत नाही.