सासऱ्यांच्या जातीवर जोक, आणि आता पोलीस ठाण्यातून फोन

तुमचा मेल नीट वाचला. तुम्ही ओपनमधले, बायको अनुसूचित जातीतली, पुण्यातल्या स्टँड-अप शोमध्ये सासरच्यांवर ९ मिनिटांचा सेट केलात, त्यात जातीचं नाव घेऊन सासऱ्यांच्या कोट्यातल्या नोकरीवर जोक, त्याची ४० सेकंदांची क्लिप फिरली, चुलत मेहुण्यानं पोलिसांत तक्रारीचा अर्ज दिला आणि आता ठाण्यातून "येऊन जा" म्हणून फोन.

सासूबाईंच्या बोंबलाच्या चटणीवर जे बोललात त्याची मला काळजी नाही, नोकरीच्या जोकची आहे. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१) मध्ये चारचौघांत जातीवरून अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे, कलम १८ मुळे अटकपूर्व जामीन सहसा मिळत नाही, तक्रारीतून प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तरच कोर्ट विचार करतं. नुसतं भारतीय न्याय संहितेचं कलम १९६, म्हणजे दोन गटांत तेढ पसरवण्याचं, लागलं असतं तर एफआयआरआधी १४ दिवसांच्या प्राथमिक चौकशीचा आधार होता, सुप्रीम कोर्टानं मार्च २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढींच्या केसमध्ये त्यावर भर दिलाय, पण ॲट्रॉसिटीत कलम १८-अ मुळे एफआयआरला ती चौकशी लागत नाही.

तुमचा खरा बचाव त्या पूर्ण ९ मिनिटांतच आहे. ऑगस्ट २०२४ च्या शाजन स्कारिया निकालात सुप्रीम कोर्ट म्हणालं की त्या समाजातल्या माणसाचा अपमान झाला एवढं पुरत नाही, तो जातीमुळे, हलकं लेखायच्या हेतूनं झालेला हवा. तुम्ही लिहिताय की लगेच पुढं स्वतःच्या काकांच्या 'मेरिट'ची सालं काढलीत, मग ती ओरिजिनल फाइल दोन ठिकाणी सेव्ह करा, काहीही डिलीट करू नका, घाईनं माफीचा व्हिडिओ तर अजिबात टाकू नका, तो कबुली म्हणून पुढं येऊ शकतो.

फोनवर वाद घालू नका, लेखी नोटीस मागा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची, म्हणजे हजर राहायला सांगणारी पोलिसांची नोटीस व्हॉट्सॲपवर चालत नाही, सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं जानेवारी २०२५ पासून हे स्पष्ट आहे. पण कागद हातात पडला की दिलेल्या तारखेला वकील घेऊन जायचंच, सेशन्स कोर्टात ॲट्रॉसिटीच्या केसेस चालवणारा बघा.

आणि बायको पहिल्या रांगेत हसत होती हे तुम्ही तीनदा लिहिलंत, पण जात निघाली ती सासऱ्यांची, त्यांना काय वाटलं याची एक ओळ नाही. त्यांना भेटा. अर्ज मागं घ्यायला लावा असं चुकूनही म्हणू नका, तो दबाव ठरेल. फक्त पूर्ण सेट त्यांना दाखवा आणि ते काय म्हणतात ते ऐकून घ्या.