करारनामा आधी, इंटिरियर नंतर

प्रिय डॉक्टर,

कॉलेज रोडला चौघांनी मिळून पॉलिक्लिनिक काढताय, आनंद वाटला. पण इंटिरियरवाल्याला ॲडव्हान्स देण्याआधी खर्चाची वाटणी कागदावर आणा. जिवलग मित्र आहात, म्हणून तर नक्कीच. करारात वेगळं लिहिलं नसेल, तर भागीदारी कायदा १९३२ नफा-तोटा सगळ्यांना सारखा धरतो, मग कोणी कितीही पेशंट तपासोत. मुदतीबद्दल काहीच लिहिलं नसेल, तर एकाच्या लेखी नोटिशीवर भागीदारी मोडू शकते.

समज, सामाईक खर्च महिन्याला २ लाख ४० हजार आहे. तिघे आठवड्याला प्रत्येकी १२ ओपीडी (पेशंट तपासण्याच्या बैठका) घेतात, त्वचारोगवाली फक्त ४. सरसकट प्रत्येकी ६० हजार लावले, तर वर्षाच्या आत ती वेगळी जागा शोधेल. सगळा खर्च ओपीडीवर टाकला, तर तिच्यासाठी अडवलेल्या खोलीचं भाडं बाकीचे भरतात. म्हणून निम्मा खर्च समान, निम्मा ओपीडीच्या प्रमाणात: तिला ४२ हजार, तिघांना प्रत्येकी ६६ हजार. हे प्रमाण दर एप्रिलमध्ये पुन्हा तपासायचं, हेही करारातच लिहा.

काउंटरवर क्यूआर एकच, क्लिनिकच्या खात्याचा. प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवर पैसे घेतले की हिशेब कधीच जुळत नाही, आणि संशय विनाकारण रिसेप्शनिस्टवर जातो. रात्री बंद करताना पावत्यांची बेरीज, रोख आणि यूपीआय जुळवूनच कुलूप लावायचं.

फाइल नंबर पेशंटचा असावा, डॉक्टरचा नाही. सुरगाण्याहून एसटीने आलेल्या आजींना फिजिशियनने ऑर्थोकडे पाठवलं, तर त्याच सकाळी दोन्ही तपासण्या व्हायला हव्यात. पुन्हा नाव, पुन्हा केसपेपर, पुन्हा रांग असं असेल तर एका छताखाली बसण्यात पेशंटचा काय फायदा? त्यासाठी प्रत्येकाने तासाला एक जागा आतल्या रेफरन्ससाठी मोकळी ठेवावी. रिसेप्शनने ती बाहेरच्या अपॉइंटमेंटला द्यायची नाही, कितीही ओळखीचा फोन आला तरी. इथेच सगळे ढिले पडतात.

ॲडमिट पेशंटचे कागद किमान ३ वर्षं जपायचे आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे, हा नियम डे-केअर (पेशंट दाखल करून त्याच दिवशी घरी सोडणं) सुरू कराल तेव्हा लागेल. सोनोग्राफी घेतलीत, तर महिन्याचा पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान बंदी कायद्याचा) अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेच्या आत जायलाच हवा. त्याची जबाबदारी एकाच्या नावावर टाका.

बाहेर पडणाऱ्याने ३ महिने आधी कळवायचं, मशिनची किंमत कशी धरायची आणि डिपॉझिट कधी परत द्यायचं, ही कलमं आत्ताच घाला. मसुदा वकिलाकडे जाण्याआधी मला पाठव, वाटणीचं कलम बघून देतो.