एमजीबीच्या पुढच्या चाकाचे बेअरिंग घरी बदलताना

तुमच्या १९७२ च्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या पुढच्या उजव्या चाकातून ताशी चाळीस किलोमीटरनंतर घरघर येते, गाडी डावीकडे वळवली की ती वाढते, आणि मुंबईतल्या पार्ल्याच्या सोसायटीतील पार्किंगमध्येच बेअरिंग बदलण्याचा तुमचा विचार आहे. नट घट्ट आवळून मग थोडा सैल सोडावा, असे तुम्हाला एका मेकॅनिकने सांगितले आहे आणि ते बरोबर आहे का, हा तुमचा मुख्य प्रश्न आहे. या गाडीसाठी ते बरोबर नाही, आणि त्यात धोका आहे.

बहुतेक जुन्या गाड्यांच्या पुढच्या हबमध्ये (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागात) दोन टेपर रोलर बेअरिंग, म्हणजे निमुळत्या रोलरांची बेअरिंग, असतात व त्यांचा प्ले, म्हणजे आत-बाहेर हलण्याची मोकळीक, नटाच्या आवळणीवरच ठरतो. एमजीबीतही बेअरिंग दोनच आहेत. मात्र त्यांच्या मधोमध एक पोलादी स्पेसर (अंतर राखणारी नळी) आणि काही पातळ शिम (धातूच्या चकत्या) बसवलेल्या असतात. नट पुरेसा आवळला की आतले बेअरिंग, स्पेसर, शिम आणि बाहेरचे बेअरिंग एकमेकांवर घट्ट दाबले जाऊन स्टब ॲक्सलभोवती, म्हणजे चाक ज्यावर फिरते त्या आखूड दांड्याभोवती, जणू एक अखंड नळी तयार होते, आणि वळणावर येणारा जोर ॲक्सल या नळीच्या आधाराने पेलतो. नट सैल सोडला किंवा स्पेसर काढून टाकला, तर तो आधारच नाहीसा होतो; ॲक्सल थोडा थोडा वाकत राहतो आणि कालांतराने तो तडकू शकतो. मी माझी गाडी घेतली तेव्हा डाव्या हबमध्ये स्पेसरही नव्हता आणि शिमही नव्हत्या. पूर्वी कोणत्या तरी गॅरेजमध्ये ते भाग निरुपयोगी समजून टाकून दिले गेले होते, आणि त्या अवस्थेत ती गाडी किती तरी काळ घाटातून धावली असेल, हे आठवले की आजही मला अस्वस्थ वाटते.

काम सुरू करण्यापूर्वी दोष बेअरिंगचाच आहे याची खात्री करा. चाक उचलून वरच्या व खालच्या टोकाला धरून हलवा आणि त्याच वेळी घरातल्या कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर ढिलाई नाहीशी झाली तर ती बेअरिंगची आहे. तशीच राहिली तर ती किंगपिनची, म्हणजे पुढचे चाक ज्या उभ्या दांड्यावर वळते त्याची आहे, आणि नवे बेअरिंग घालून ती जाणार नाही.

सोसायटीच्या आवारातील पेव्हर ब्लॉकवर जॅक किंवा स्टँड थेट ठेवू नका, कारण ते ब्लॉक भाराखाली खचतात. खाली जाड प्लायवूडचा तुकडा घाला. गाडी केवळ जॅकवर ठेवून काम करणे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही. कॅलिपर (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सोडवल्यावर तो तारेने बांधून ठेवा, ब्रेकच्या होजवर लोंबकळू देऊ नका. मग ग्रीस कॅप, स्प्लिट पिन, नट आणि वॉशर काढून हब डिस्कसकट बाहेर ओढा. शिम सहसा बाहेरच्या बेअरिंगच्या मागे ग्रीसला चिकटलेल्या असतात. त्या एकेक करून पुसा, मोजा आणि डबीत ठेवा. स्पेसरचे कोणते तोंड कोणत्या बाजूला होते, याचा फोटो काढून ठेवा.

जुने बेअरिंग रॉकेलने धुऊन नीट पाहा, पण हवेच्या झोताने ते फिरवू नका. आपल्याकडे बेअरिंग खराब होण्याचे मोठे कारण म्हणजे पावसाळ्यात साचणारे पाणी. धावून तापलेला हब हिंदमाता किंवा मिलन सबवेसारख्या ठिकाणच्या पाण्यात बुडला की आतली हवा थंड होऊन आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत खेचले जाते. मग गाडी उभी राहिली की रोलर जिथे टेकलेले असतात तिथे रेसवर (रोलर ज्यावरून फिरतात त्या कड्यावर) गंजाच्या आडव्या रेषा उमटतात, आणि घरघर त्यांचीच असते.

नवे बेअरिंग घेताना जुन्यावर कोरलेला क्रमांक घेऊन नागदेवी स्ट्रीटला जा. इंची मापाची टेपर बेअरिंग तिथे क्रमांकावरून शोधता येतात. पाकीट उघडून कोरीव अक्षरे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका; नकली माल बाजारात आहे. आतली कोन (रोलर बसवलेले आतले कडे) आणि बाहेरची रेस नेहमी जोडीनेच बदला आणि ऑइल सील नवेच घाला. जुनी रेस पितळी सळईने आळीपाळीने समोरासमोरच्या बाजूंना ठोकून निघते. नवी रेस रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून हब थोडा गरम केला, तर ती जवळजवळ स्वतःच्या वजनाने बसते, पण ती तळापर्यंत टेकली का, हे ठोकण्याच्या आवाजातील बदलावरून ओळखायला शिका.

आता खरे काम. प्रथम शिमशिवाय सर्व जोडून, चाक फिरवत नट आवळा, म्हणजे रेस आपापल्या जागी पक्क्या बसतील. नंतर नट काढून मुद्दाम जास्त शिम घाला आणि नट ४० फूट-पाउंड, म्हणजे सुमारे ५४ न्यूटन-मीटरने आवळा. आता हब आत-बाहेर हलवल्यावर डायल गेजवर (सूक्ष्म हालचाल मोजणाऱ्या काट्याच्या उपकरणावर) जो प्ले दिसेल, त्यातून हवा असलेला प्ले वजा करा आणि उरलेल्या जाडीच्या शिम काढा. हवा असलेला प्ले ०.००२ ते ०.००४ इंच, म्हणजे ०.०५ ते ०.१० मिलिमीटर आहे. शिम ०.००३, ०.००५, ०.०१० आणि ०.०३० इंच जाडीच्या मिळतात. हाताच्या अंदाजाने हे माप जमत नाही. डायल गेज व चुंबकी स्टँड उसने मिळाले तरी चालतील, पण ते असायलाच हवेत. दोन-तीनदा हब काढून घालावा लागला तर कंटाळू नका. मला पहिल्या वेळी अख्खी दुपार लागली होती.

माप जुळल्यावर बेअरिंगच्या रोलरांमध्ये ग्रीस तळहाताने दाबून भरा, हब किंवा कॅप मात्र ठासून भरू नका, आणि जुने ग्रीस पूर्ण पुसल्याशिवाय वेगळ्या जातीचे ग्रीस त्यात मिसळू नका. शेवटी नट पुन्हा ४० फूट-पाउंडला आवळा आणि स्प्लिट पिनचे भोक जुळत नसेल तर तो पुढे आवळत जा. ७० फूट-पाउंडपर्यंत मुभा आहे. भोक जुळवण्यासाठी नट मागे फिरवू नका. पिन दर वेळी नवी वापरा.

गाडी खाली उतरवल्यावर, हलवण्यापूर्वी ब्रेक पेडल कडक होईपर्यंत दाबा, कारण कॅलिपर काढताना पॅड मागे सरकलेले असतात. पहिल्या फेरीनंतर दोन्ही हबना हात लावून पाहा. ब्रेकची उष्णता दोन्हीकडे सारखीच असते, म्हणून नवा हब दुसऱ्यापेक्षा ठळकपणे जास्त तापला असेल तर प्ले पुन्हा मोजा.