पूर्वज निघाले कुठून नव्हे, उतरले कुठे ते आधी पाहा

तुमचे पूर्वज १८५० च्या दशकात इंग्लंडहून मेलबर्नला गेले, एवढं ठाऊक आहे ना? सुरुवातीला पुरेसं आहे.

इंग्लंड सोडणाऱ्यांच्या याद्यांमागे लागू नका. लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या (सरकारी अभिलेखागारातल्या) त्या याद्या मुख्यतः १८९० पासूनच्या आहेत. त्याआधीचा माणूस शोधायचा तो जहाज पोचलं तिथे.

सगळ्यात आधी व्हिक्टोरियातला (मेलबर्न ज्या प्रांतात आहे तिथला) मृत्यूचा दाखला मागवा. आईवडिलांची नावं, जन्मगाव, वसाहतीत किती वर्षं काढली, हे सगळं त्यात बरेचदा मिळतं. माहिती मात्र नातेवाइकांनी दिलेली असते, तेव्हा पडताळून घ्या.

गाव कळलं की इंग्लंडकडे वळा:

- जन्म १ जुलै १८३७ नंतरचा असेल तर जनरल रजिस्टर ऑफिसची (सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाची) सूची. तिथे आईचं माहेरचं आडनावही दिसतं.
- त्याआधीचा असेल तर पॅरिश चर्चची (त्या गावच्या चर्चची) बाप्तिस्म्याची नोंदवही.
- १८४१ च्या जनगणनेतल्या वयावरून जन्मवर्ष ठरवू नका. मोठ्यांची वयं बहुधा पाचाच्या पटीत खाली आणलेली आहेत.

नवखे फसतात ते सारख्या नावाला. एका परगण्यात डझनभर जॉन स्मिथ सापडतील! गाव आणि एखादा नातेवाईक जुळल्याशिवाय कुणालाही आपला मानू नका, आणि इतरांचे ऑनलाइन वंशवृक्ष तसेच उतरवून घेऊ नका. डीएनए चाचणी, मृत्युपत्रं सध्या राहू द्या. दाखला आला की कळवा, पुढचं मिळून पाहू.