मराठीतल्या प्रसिद्ध लेखकांची सर्वात गाजलेली पुस्तकं कोणती? नवख्या वाचकाने सुरुवात कुठून करावी?

माझं ऐकाल तर सुरुवात व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'पासून करा (1955). दीडशेच्या आसपास पानं, दोन रात्रींत संपतं. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक पोरसवदा मास्तर येतो, बंद पडल्यासारखी शाळा चालू करतो, गावाला तालीम बांधायला लावतो. मग दुष्काळ पडतो आणि माणसं मेंढरं घेऊन वाडी सोडून जातात. कुठेही रडारड नाही, तरी शेवटी घशाशी येतं.

खांडेकर म्हटलं की 'ययाति'. मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळालं ते यामुळेच, 1974 चं. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः सांगतात. भाषा जरा अलंकारिक आहे, आजच्या वाचकाला जड जाऊ शकते. 'मृत्युंजय'मध्ये शिवाजी सावंतांनीही हीच पद्धत वापरली आहे. कर्ण, कुंती, दुर्योधन आळीपाळीने बोलतात. पण ते जाडजूड आहे, सुट्टीत घ्या.

नेमाडे म्हणजे 'कोसला' (1963). काहींना पहिल्या पन्नास पानांतच वैताग येतो, काही जण आयुष्यभर त्याचा नायक पांडुरंग सांगवीकर याच्यासारखं बोलत राहतात. मी दुसऱ्या गटातला, घरचे कंटाळलेत. आत्मकथन हवं तर दया पवारांचं 'बलुतं', 1978 चं. नाटकात कुसुमाग्रजांचं 'नटसम्राट', पण ते जमलं तर आधी रंगमंचावर बघा.

पुलंचं 'व्यक्ती आणि वल्ली' बहुतेक घरात असतंच. कपाट तपासा.