एसडब्ल्यूआर फक्कड, पण ऐकतंय कोण?

प्रश्न : ताई, हॅम रेडिओचा परवाना येऊन चार महिने झाले. बोलेरोच्या छतावर चुंबकाच्या बैठकीवर एकच ॲंटेना लावलाय. विकणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे ४० मीटरपासून ७० सेंटिमीटरपर्यंत सगळे बँड (तरंगलांबीवरून नाव पडलेले फ्रिक्वेन्सीचे पट्टे) त्यावर चालतात. ४० मीटरवर एसडब्ल्यूआर (ॲंटेनाकडून किती शक्ती परत येते त्याचं माप; १ म्हणजे काहीच नाही) १.२ येतो, म्हणजे फक्कडच. रिग, म्हणजे रेडिओ संच, १०० वॅटचा. तरी सकाळच्या नेटवर, म्हणजे हॅम मंडळींच्या हवेतल्या बैठकीत, हाक मारली की कोणी घेत नाही. कऱ्हाडचे एक ओएम ('ओल्ड मॅन', हॅम बोलीत पुरुष हॅम) म्हणाले, 'कोणीतरी पुटपुटतंय एवढंच कळतं.' ॲंटेना बदलू की रिग? – एक वाचक, सातारा

उत्तर : रिगला हात लावू नका. ॲंटेनाही लगेच काढू नका. आधी त्या १.२ वरचा विश्वास काढा.

माझ्या टेबलाखाली तेलाच्या डब्यात बुडवलेला एक डमी लोड आहे, म्हणजे शक्ती हवेत न सोडता नुसती उष्णतेत जिरवणारा रोध. त्याचा एसडब्ल्यूआर १.०, बारा महिने, सगळ्या बँडवर. त्यावर माझं बोलणं आजवर स्वयंपाकघराच्या पलीकडे गेलेलं नाही. एसडब्ल्यूआर एवढंच सांगतो की रिगने दिलेली शक्ती परत आली नाही. ती हवेत गेली की कॉइल तापवण्यात गेली, हे तो सांगत नाही.

आता हिशेब करू. ७.१ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी होते साडेदहा मीटर. तुमची दांडी असेल फार तर २.२ मीटर. उरलेल्या उंचीची भरपाई कॉइल करते, पण ती फक्त जुळणीपुरती. हवेत लहरी सोडण्याचं काम उंचीच करते. एवढ्या आखूड दांडीचा विकिरण-रोध (एकूण रोधातला हवेत लहरी सोडणारा हिस्सा), कॉइल बुडाशी असेल तर, जेमतेम १ ओहम. कॉइल मधोमध असेल तर साधारण दुप्पट धरा. तुमच्या मीटरला मात्र ४२ ओहमच्या आसपास काहीतरी दिसतंय (रिगला हवे असतात ५०), म्हणून तर १.२ येतो. मग ४२ मधले बाकीचे ४० कुठले? कॉइलच्या बारीक तारेचे, गाडीच्या बॉडीचे आणि रस्त्याखालच्या मातीचे. १०० वॅटमधले पाचेक वॅट बाहेर पडतात. कऱ्हाडच्या ओएमना तुमचं पुटपुटणं तरी ऐकू आलं, म्हणजे त्यांचे कान चांगले आहेत.

सगळ्यात मोठी गळती बहुधा चुंबकापाशी असेल. एचएफला, म्हणजे ४०-२० मीटरसारख्या लांब लहरींच्या बँडना, गाडीची बॉडी म्हणजे ॲंटेनाचा दुसरा अर्धा भाग. चुंबकाखाली रबर, त्याखाली रंग; विजेच्या दृष्टीने बैठक आणि पत्रा यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर तेवढा उरतो. १४५ मेगाहर्ट्झला (२ मीटर बँड) तो पुरतो, ७ ला (४० मीटर) पुरत नाही. मग करंट दुसरी वाट शोधतो, ती म्हणजे रिगपासून येणाऱ्या केबलची, कोॲक्सची, बाहेरची जाळी. परीक्षा सोपी आहे. कमी पॉवरवर मीटर बघत बसा आणि दुसऱ्या कोणाला केबल मुठीत धरून सरकवायला सांगा. काटा हलला तर तुमची केबलच ॲंटेना झालीय.

उपाय गॅरेजमधल्या कोणत्याही पोराला माहीत आहे, त्याला तो 'बॉडी अर्थ' म्हणतो. मागच्या दाराच्या बिजागरीजवळ किंवा बंपरच्या वर पोलादी ब्रॅकेट बोल्टने बसवा. बोल्टखाली दातेरी वॉशर, आणि त्याखालचा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा उघडा. (आमच्या सुमोचा रंग मी पहिल्यांदा घासला तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता.) मग तांब्याच्या विणलेल्या रुंद पट्टीने मागचं दार बॉडीला, बॉडी चॅसीला आणि बॉनेट बॉडीला जोडा. सायलेन्सरच्या पाइपालाही एक पट्टी द्या, तो नुसता रबरावर लोंबत असतो. पट्ट्या आखूड ठेवा. जोडावर ग्रीस फासा, नाहीतर एका पावसाळ्यात गंज चढून पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

एवढं झाल्यावर तुमचा एसडब्ल्यूआर बिघडेल. घाबरून मला पत्र टाकू नका. सुमोवर मी हेच केलं तेव्हा १.३ चा १.९ झाला, आणि त्याच दिवशी सांगलीच्या एका जुन्या मित्राने विचारलं, 'नवीन लिनिअर घेतलास काय गं?' (लिनिअर म्हणजे शक्ती वाढवणारा ॲम्प्लिफायर.) नुकसानीचा रोध कमी झाला की एकूण रोध ५० च्या आणखी खाली जातो, म्हणून काटा चढतो. तो उतरवायचा तो बुडाशी एक छोटी कॉइल लावून. जाड तांब्याच्या तारेचे आठ वेढे, २५ मिलिमीटर व्यास, लांबीही २५ मिलिमीटर. १ मायक्रोहेन्रीच्या थोडी वर जाते. एक टोक दांडीच्या बुडाला, दुसरं बॉडीला. मग दांडी किंचित आखूड करत आणि वेढे थोडे दाबत-ताणत जुळवा. मग रिगला २५ ओहमच्या जागी ५० दिसायला लागतात.

ॲंटेना निवडण्याबद्दल माझं मत ठाम आहे : एकाच काठीवर सगळे बँड हा नवशिक्याचा मोह. २ मीटर आणि ७० सेंटिमीटरसाठी वेगळी छोटी दांडी छताच्या मध्यावर ठेवा, तिला चुंबक चालेल. एचएफसाठी मागे ब्रॅकेटवर एक-एक बँडच्या काठ्या, बदलायला झटकन निघणारा जोड. सुरुवातीला ४० आणि २० मीटर, दोनच पुरे. एकाच खांबावर तीन-चार बँडच्या कॉइल फांद्यांसारख्या लावायची पद्धतही आहे, पण एक जुळवली की दुसरी सरकते. दोन-तीन फेऱ्या माराव्याच लागतात, शिवाय घाटात ते झाड वाऱ्याने हेलकावतं.

पैसे असतील तर मोटरवाला ॲंटेना घ्या. अमेरिकेतल्या डॉन जॉन्सन यांनी, कॉलसाइन डब्ल्यू६एएक्यू, तो लोकप्रिय केला. कॉइल वरखाली करायला त्यात बॅटरीवरच्या स्क्रूड्रायव्हरची मोटर असायची, म्हणून त्याचं नावच 'स्क्रूड्रायव्हर ॲंटेना' पडलं. बसल्या जागी बटण दाबून बँड बदलतो. मात्र घेताना कॉइलची जाडी आणि वरच्या दांडीची लांबी बघा, बँडची यादी नंतर. विकिरण-रोध उंचीच्या वर्गाने वाढतो. २.२ मीटरची दांडी ३ मीटर केली तर तो पावणेदोन पटीहून थोडा जास्त होतो, आणि एवढा फायदा कुठलाच महागडा कनेक्टर देत नाही. पेट्रोल पंपाच्या छपराखाली मात्र आधी दांडी वाकवून बांधा. आमची एक वडाच्या पारंबीत अडकून गेली.

ट्यूनिंग मोकळ्या मैदानात करा. मी एकदा उन्हाच्या भीतीने पत्र्याच्या शेडखाली गाडी लावून ४० मीटरची काठी ७.०८० ला बरोब्बर बसवली. बाहेर रस्त्यावर आले तर तळ, म्हणजे जिथे एसडब्ल्यूआर सगळ्यात कमी ती फ्रिक्वेन्सी, ७.१३० ला! वरचा पत्रा दांडीच्या टोकाला कपॅसिटरसारखा चिकटला होता, तो सुटल्यावर सगळं वर सरकलं. या काठीची उपयोगी रुंदी ३०-४० किलोहर्ट्झच असते, म्हणजे मी बँडच्या बाहेर नव्हते, पण माझ्या नेटच्या बाहेर नक्कीच होते.

तर मैदान, दारं-बॉनेट बंद, माणसं दोन-तीन मीटर लांब. नॅनोव्हीएनएवर (ॲंटेना मोजायच्या छोट्या यंत्रावर) आधी तळ कुठे आहे ते शोधा. तळ हव्या त्या फ्रिक्वेन्सीच्या खाली असेल तर दांडी लांब आहे, वर असेल तर आखूड. वरची बारीक दांडी १ सेंटिमीटर आत ढकला आणि तळ किती सरकला ते वहीत लिहा. माझ्या काठीवर १ सेंटिमीटरला १५ ते २० किलोहर्ट्झ पडतात, तुमचा आकडा तुम्हीच काढा. मग त्रैराशिक. सरकवण्याची जागा संपल्याशिवाय करवत हातात घेऊ नका. तळ सापडला की एसडब्ल्यूआरकडे दुर्लक्ष करून तिथला रोध किती ओहम आहे ते वाचा, आणि प्रत्येक अर्थ-पट्टी लावल्यावर पुन्हा वाचा. आकडा खाली येतोय तोवर तुमचं काम बरोबर चाललंय. जुळणीची कॉइल त्यानंतर.

प्रश्न : रिगमध्येच आपोआप जुळवणी करणारा ऑटो ट्यूनर आहे. मग दांडी जुळवत बसण्याची कटकट कशाला? – एक वाचक, नाशिक

उत्तर : कारण रिगजवळचा ट्यूनर फक्त रिगची समजूत काढतो. केबल आणि दांडी यांच्यात जे बिनसलंय ते तसंच राहतं, आणि त्या भांडणात शक्ती केबलमध्ये आणि ट्यूनरच्या पोटात जिरते. शिवाय रिगमधले बहुतेक ट्यूनर ३:१ पर्यंतच सांभाळतात. न जुळवलेली आखूड दांडी त्याच्या कितीतरी पलीकडे असते. जुळवलेल्या काठीवर बँडमध्ये थोडं इकडेतिकडे सरकायचं असेल तर तो कामाचा. अख्खा बँड बदलायचा असेल तर ट्यूनर दांडीच्या बुडाशी, ब्रॅकेटला खेटून बसवावा लागतो. त्या ट्यूनरलाही चांगला बॉडी अर्थ लागतोच, म्हणजे पॉलिश पेपरमधून सुटका नाही.

प्रश्न : मॅडम, नव्या गाडीचं छत जवळपास सगळं काचेचं आहे. चुंबक चिकटत नाही. फक्त २ मीटर आणि ७० सेंटिमीटरच हवंय. – एक वाचक, पणजी

उत्तर : 'मॅडम' कशाला? मी अडुसष्टाची असले तरी हॅम मंडळींच्या हिशेबात वायएल आहे, यंग लेडी.

डिकीच्या किंवा बॉनेटच्या कडेला चिमट्यासारखी बसणारी बैठक मिळते, ती घ्या. तिचे बारीक स्क्रू रंग भेदून पत्र्यात रुतले पाहिजेत; मल्टिमीटरने बैठक आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्ये सलगता आहे ना, ते बघा. ४९ सेंटिमीटरची साधी दांडी २ मीटरला पाव तरंगाची आणि ७० सेंटिमीटरला पाऊण तरंगाची होते, दोन्हीवर चालते. दांडी कडेला असल्यामुळे एका बाजूला जरा जास्त पोहोचेल, तेवढं चालवून घ्या.

केबल पुढच्या खांबातून ओढू नका, तिथे पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असू शकते. डिकीच्या रबरातूनच आत घ्या. आत शिरण्याआधी केबलला खाली लोंबणारा एक वळसा ठेवा, म्हणजे तुमच्याकडचं जूनचं पाणी त्या वळशाच्या तळाशी ठिबकून जाईल, रिगपर्यंत पोहोचणार नाही.