पुरासाठी घरात ट्रकची ट्यूब पुरेल का? नाही, लाइफ जॅकेट घ्या

तुम्ही विचारलंय, सांगलीत गावभागात राहायला आलोय, घरात चौघं आहोत, आग विझवायला काय ठेवावं आणि पुरासाठी ट्रकची ट्यूब पुरेल का.

आगीचं पटकन सांगतो. २ किलोचा, आयएसआय मार्कचा, आग विझवायचा एबीसी पावडर सिलिंडर (लाकूड-कापड, तेल आणि गॅस, तिन्ही आगींना चालणारा) स्वयंपाकघराच्या दाराबाहेर टांगा. शेगडीवर टांगलात तर ऐन वेळी हात पोचणार नाही. सिलिंडरवरचा दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर गॅस बंद करून झाकण ठेवायचं, पाणी अजिबात नाही.

आता ट्यूब. "आम्ही कृष्णेत पोहायला शिकलोय, जॅकेट कशाला?" हे इथे घरोघरी ऐकू येतं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसलेली बोट उलटली, कितीतरी बायका-मुलं गेली. त्यानंतरही हेच ऐकावं लागतं, याचा संताप येतो. पुराचं पाणी म्हणजे घाटावरचं पाणी नव्हे. खाली कुंपणाची तार, बाभळीचे काटे असतात, ट्यूब तिथेच फाटते. ती टिकली तरी हाताने धरून ठेवावी लागते. गारठून पकड सुटली की संपलं. जॅकेट पकड सुटल्यावरही अंगावरच राहतं.

घेताना रंग बघू नका, आतल्या लेबलवर ते किती वजनाच्या माणसासाठी आहे आणि किती न्यूटनचं आहे (म्हणजे पाण्यात किती जोराने वर उचलतं) ते बघा. ५० न्यूटनचं पोहता येणाऱ्यासाठी, न येणाऱ्याला १००चं. मुलांना त्यांच्या वजनाचंच, आणि पायांमधून जाणारा पट्टा असलेलंच. बकलं लावून खांद्याला धरून वर ओढा. कानापर्यंत सरकलं तर ढिलं आहे.

स्वस्त जॅकेटमधला फोम पाणी पितो. ५० न्यूटनच्या जॅकेटला ५ किलोचं लोखंडी माप बांधून रात्रभर हौदात सोडा, सकाळी तरंगताना दिसलं पाहिजे. १०० न्यूटनच्याला तशी दोन मापं. माळ्यावर ट्रंकेखाली दाबून ठेवू नका, फोम चेपला की उचल कमी होते.

एक राहिलं. जॅकेट आहे म्हणून स्वतःहून पाण्यात उतरायचं नाही, ते बोटीत बसताना घालायचं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट इशारा पातळी आणि ४५ धोका, पण सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरसारख्या सखल भागांत त्याआधीच पाणी शिरतं. तुमचं घर तसं सखल असेल तर आकड्याची वाट बघू नका. मेन स्विच पाणी उंबऱ्याला लागायच्या आत पाडा. ओल्या जमिनीवर उभं राहून त्याला हात लावायचा नाही.